बाग ताणावर

पूर्वी मे महिन्यात मुलं मामाच्या गावाला जात. नव्या शैक्षणिक धोरणानं मामांचं ओझं हलकं केलं. आता एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा संपली की मुलं 'ओजेटी'ला जातात. ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. त्याला चार क्रेडिट, एक हजेरीवही, एक गोल शिक्का आणि शेवटी एक जाडजूड अहवाल. मामाकडं निदान आमरस मिळायचा आणि तो खाल्ल्याचा अहवाल कोणी मागत नसे.

ही इंटर्नशिप कुठं मिळते याचे अलिखित नियम आहेत. ज्यांच्या ओळखी असतात ते बंगळुरूला जातात, तिथं प्रयोगशाळेत स्वेटर घालून बसतात आणि तसे फोटो टाकतात. ज्यांना गुण असतात त्यांना पुणं मिळतं. उरलेले दिसेल त्या पत्त्यावर ईमेल टाकतात आणि जिथून उत्तर येईल त्या गावाचं तापमान न बघता होकार कळवतात. मला उत्तर सोलापुरातून आलं.

सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही चौघांनी मिळून दोन खोल्या घेतल्या. पूर्व भाग म्हणजे विणकरांची वस्ती. गल्लीतून चालताना एका घरातून मागाची खडखड, दुसऱ्या घराच्या ओट्यावर विड्या वळणाऱ्या बायका, आणि सगळीकडं तेलुगू, कन्नड, मराठी, हिंदी अशी मिसळ. खाली घरमालकीण, वर आम्ही, आमच्या वर थेट सूर्य. घरमालकिणीला सगळी गल्ली अक्का म्हणायची म्हणून आम्हीही अक्काच म्हणू लागलो. भाडं ठरवताना तिनं एवढंच विचारलं, "दारू पिता का?" आम्ही एका सुरात नाही म्हणालो. "मग पाणी किती पिता?" या प्रश्नाचं गांभीर्य आम्हाला पुढच्या आठवड्यात कळलं.

खोलीवर कोणी कोणाचं नाव वापरत नसे, गावावरून हाका मारायच्या. विषयांचं वाटप कोणी केलं होतं देव जाणे. रत्नागिरीकराला मिळालं होतं डाळिंब. त्याच्या मुलखात चार महिने आभाळ फाटतं, आणि हा आला कोरड्या माळावरच्या काटेरी झुडपाचा अभ्यास करायला. मी नाशिक जिल्ह्यातला. आमच्या सटाणा-मालेगावकडं डाळिंबाच्या बागाच बागा. पण मला दिलं होतं धरण. संख्याशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी उजनीच्या पाणीसाठ्याचे जुने आकडे तपासायचे होते. इचलकरंजीकर टेक्स्टाईलवाला, तो सोलापुरी चादरीवर काम करायला आला होता, आणि माहेरच्या बाईनं सासरी यावं तशी त्याची प्रत्येक वाक्याची सुरुवात "आमच्याकडं मात्र" अशी व्हायची. चौथा नागपूरकर. तो वन्यजीववाला. त्याचा विषय माळढोक.

नागपूरकर आल्या दिवशी उन्हाला हसला. "हे काय ऊन आहे का बे? आमच्याकडे सत्तेचाळीस होऊन राहिलं." सोलापूरचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर होता. हा गृहस्थ टोपी न घालता दुपारी दोनला दूध आणायला गेला. येताना दुधाची पिशवी आणि चेहरा या दोन्हींचा रंग बदललेला होता. त्यानंतर तो फरशीवर पालथा पडून म्हणाला, "आमचं ऊन प्रामाणिक असते. हे मागून मारते." सोलापूरला मे महिन्यात कमी लेखू नये हा धडा इंग्रजांनी 1930 सालीच घेतला होता. त्या मे महिन्यात गावानं त्यांचा अंमल काही दिवस चक्क बाजूला ठेवला, आणि गाव परत ताब्यात घ्यायला सरकारला मार्शल लॉ पुकारावा लागला. नागपूरकराला हा इतिहास सांगितल्यावर त्यानं फक्त एक डोळा उघडला आणि विचारलं, "कूलर कुठं भाड्यानं मिळते?"

कूलर आला आणि घरात राजकारण सुरू झालं. तो लोखंडी, तीन बाजूंना भुसा भरलेल्या जाळ्यांचा, चालू झाला की गिरणीसारखा आवाज करणारा. चार माणसांत एक कूलर म्हणजे वाऱ्याच्या झोतात दीड माणूस मावतो. उरलेल्या अडीच माणसांनी त्या दीड माणसाबद्दल बोलत झोपायचं. नागपूरकर हा कूलरसंस्कृतीत वाढलेला असल्यानं तोच मुख्य अभियंता. खिडकी किती उघडी हवी, दाराला किती फट हवी, भुशाला पाणी किती वेळानं द्यायचं, याचं त्याचं एक शास्त्र होतं. अडचण एकच होती. कूलरला पाणी लागतं.

आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड यायचं. तेही कधी येईल याला पंचांग नव्हतं, पण शक्यतो माणूस गाढ झोपेत असेल ती वेळ पाणी निवडायचं. तेव्हा खालून अक्काची आरोळी यायची, "नीळ्ळु वच्चायि!" पाणी आलं! आम्हा चौघांना आयुष्यात पहिलं तेलुगू वाक्य आलं ते हे. ते ऐकलं की इचलकरंजीकर झोपेतच उठून हंडा घेऊन पळायचा. एकदा दुपारी गल्लीतल्या पोरांनी गंमत म्हणून ही आरोळी ठोकली, तेव्हा हा जेवणाच्या ताटासकट नळापाशी पोचला होता.

रात्री तीन वाजता ती गल्ली पाहण्यासारखी असते. मोटारी घरघरतायत, पाइप आडवेतिडवे पडलेत, पिंपं, कळश्या, तेलाचे डबे, रंगाच्या रिकाम्या बादल्या, लहान मुलाचा टबसुद्धा रांगेत. आम्ही चौघं जिन्यावर एकामागून एक उभे राहून हातोहात बादल्या वर चढवायचो. खाली नागपूरकर, कारण तो मजबूत. सगळ्यात वर मी, कारण शेवटच्या बादलीत किती पाणी सांडलं याचा हिशोब संख्याशास्त्रज्ञानं ठेवायचा असं ठरलं होतं. भरून झालं की अक्का ओट्यावर चहा ठेवायची. पहाटे साडेतीनला, अंगावरचे कपडे ओले, हातात चहा, आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांशी आयपीएलवर चर्चा. बंगळुरूच्या स्वेटरवाल्यांना हे सुख कुठलं?

पाणी भरलं की दुसऱ्या दिवशी मतदान व्हायचं. ठराव: आजचं पाणी आंघोळीला की कूलरला? रत्नागिरीकर नेहमी आंघोळीच्या बाजूनं, नागपूरकर कूलरच्या. इचलकरंजीकर तडजोडवाला. कूलरसमोर ओला टॉवेल पांघरून बसावं, म्हणजे दोन्ही झाली असं समजावं, असा त्याचा प्रस्ताव होता. सोलापूरचा टॉवेल पाणी भरपूर धरतो हे त्याच्या अहवालात पुढं एका स्वतंत्र परिच्छेदात आलं; त्यामागचा प्रयोग कोणावर केला ते मात्र लिहिलं नाही.

माझा स्वतःचा अभ्यासही याच पाण्याचा. उजनीत एकूण साधारण 117 टीएमसी पाणी मावतं, आणि त्यातलं 63 च्या आसपास मृतसाठा. पाणी मृतसाठ्याच्या खाली गेलं की टक्केवारी उणे होते. सोलापूरकर दर उन्हाळ्यात सकाळी वर्तमानपत्र उघडून, आज उजनी उणे किती, हे सोन्याच्या भावासारखं बघतात. 2024 च्या उन्हाळ्यात तर आकडा उणे पन्नासच्याही पलीकडं गेला होता. मी एकदा मोठ्या उत्साहानं अक्काला हे समजावलं. आलेख दाखवला. शून्याच्या रेषेखाली उतरत गेलेली ती निळी रेघ तिनं चष्मा लावून नीट पाहिली आणि विचारलं, "म्हणजे आता पाणी आपण धरणाला द्यायचं होय रे?"

माझ्या मार्गदर्शकांनीही त्या आलेखावर इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

या सगळ्या टंचाईला तात्त्विक बैठक दिली ती रत्नागिरीकरानं. सोलापूरजवळ केगावला 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. रत्नागिरीकर रोज बागा बघत फिरायचा आणि संध्याकाळी लालबुंद होऊन परत यायचा. सोलापूरचं डाळिंबही लालच, 'भगवा' वाणाचं, भौगोलिक मानांकन मिळालेलं. पहिल्या आठवड्यात तो फक्त तेल्या रोगाबद्दल बोलायचा. फळावर तेलकट डाग पडतात, मग फळ तडकतं, बाग हातची जाते. ते डाग त्याच्या डोक्यात इतके बसले की वड्याच्या कागदावरचा डागसुद्धा तो उजेडात धरून बघायचा आणि मान हलवायचा. पण एके दिवशी तो वेगळाच उजळलेला चेहरा घेऊन आला.

"आपल्याला बहार धरलाय," तो म्हणाला.

आम्ही कूलर बंद करून ऐकू लागलो, यावरून प्रसंगाचं महत्त्व लक्षात यावं. डाळिंबाचं झाड वर्षभर केव्हाही फुलू शकतं, पण तसं फुललं तर धड पीक येत नाही. म्हणून शेतकरी बहार धरतो. मृग बहार धरायचा तर एप्रिल-मे महिन्यात झाडाचं पाणी तोडतात. याला बाग ताणावर सोडणं म्हणतात. महिना-दीड महिना पाणी नाही. पानं पिवळी पडतात, गळतात. राहिलेली औषध फवारून गाळतात. बाग बघवत नाही. मग छाटणी, खत, आणि पहिलं पाणी. याला ताण तोडणं म्हणतात. त्यानंतर ते झाड असं फुलतं की नुसत्या काड्यांना लाल कळ्या लागतात.

"आता बघा," रत्नागिरीकर बोटं मोजू लागला. "पाणी तोडलंय. पानगळ चालूच आहे." हे बोलताना त्यानं इचलकरंजीकराच्या डोक्याकडं पाहिलं. "आता फक्त ताण तुटायचा राहिलाय. नंतर आपण चौघं जे काही फुलणार आहोत!"

तेव्हापासून घरात कशाचंही स्पष्टीकरण मिळू लागलं. मेसचा डबा आला नाही, ताण. वीज गेली, ताण. मार्गदर्शकांनी अख्खं प्रकरण पुन्हा लिहायला सांगितलं, हलका ताण, छाटणी वेगळी. आणि पहाटे 'नीळ्ळु वच्चायि' झालं की चौघंही जिन्यावर खरोखर फुलायचो.

दुपारी बारा ते पाच या वेळात सोलापुरात संशोधन करता येत नाही. तेव्हा फक्त संशोधन सुचतं. इचलकरंजीकराला चादर सुचली. अक्कानं आम्हाला आल्या आल्या चार सोलापुरी चादरी दिल्या होत्या. तिचे मालक हयात असताना मागावर होते, त्या काळातल्या. भर मे महिन्यात ती जाडजूड, मोरांच्या नक्षीची चादर बघूनच घाम फुटायचा. अक्का स्वतः मात्र पहाटे ती पांघरून झोपायची. इचलकरंजीकरानं एक चादर भिजवून खिडकीला टांगली. बाहेरची झळ चादरीतून आत येईपर्यंत वारा झाली. वाळायला किती वेळ लागतो ते मोजलं, घडी बदलून पुन्हा मोजलं, दोन्ही बाजूंनी मोजलं. "ही चादर दोन्ही बाजूंनी सारखी वापरता येती, हे खरं जॅकार्डचं काम. आमच्याकडं मात्र..." एवढं बोलून तो प्रथमच थांबला. त्याच्या गावाच्या वतीनं काहीच आठवेना. सोलापूरच्या वस्त्रोद्योगाचा तो त्या उन्हाळ्यातला सर्वात मोठा विजय असावा. नंतर अक्का वर आली, मालकांची चादर खिडकीत ठिबकताना पाहिली, आणि तेलुगूत जे काही बोलली त्यात 'पाणी' हा एकच शब्द आम्हाला कळला.

माझी कल्पना शून्य सावलीची. सूर्य मे महिन्यात उत्तरेकडं सरकताना एक दिवस बरोबर सोलापूरच्या डोक्यावर येतो. दुसऱ्या आठवड्यात कधीतरी. त्या दिवशी दुपारी बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. कर्कवृत्ताच्या उत्तरेकडं राहणाऱ्या दिल्लीकरांना हे कधी दिसत नाही, असं सांगून मी प्रयोगाला राष्ट्रीय रंग दिला. गच्ची इतकी तापलेली की चप्पल चिकटत होती. आम्ही पाण्याची बाटली उभी केली, शेजारी कळशी, आणि कोणीतरी हौसेनं डाळिंब ठेवलं. सावल्या आखडत आखडत आल्या. नागपूरकर एका पायावर उभा राहून मिनिटं मोजत होता. दुसऱ्या पायाची पाळी आली की पाय बदलायचा. आणि खरोखर बाटलीची सावली गेली! आम्ही ओरडलो. शेजारच्या गच्चीवर सांडगे वाळवणाऱ्या बाईनं आमच्याकडं बघून कपाळाला हात लावला. खालून अक्का ओरडली, "सावली बघायला कोण उन्हात जातं का रे?"

याच सुमारास रत्नागिरीहून आंब्याची पेटी आली. एसटीनं. कच्चं फळ, गवतात नीट लावलेलं. रत्नागिरीकरानं आम्हाला आढीसमोर बसवून सूचना दिल्या: हात लावायचा नाही, दहा दिवस वास घ्यायचा, मग तो सांगेल तो आंबा खायचा. पण कोकणातला हापूस कोकणच्या हवेच्या हिशेबानं पिकतो. सोलापूरच्या पत्र्याखालच्या खोलीत त्याला वेळापत्रक पाळता आलं नाही. दोन-तीन दिवसांत अख्खी पेटी एकदम पिवळी झाली. मग जे सुरू झालं त्याला जेवण म्हणता येणार नाही, ते मदतकार्य होतं. सकाळी आंबा, दुपारी आंबा, रात्री आमरस, गल्लीत वाटप, नळावरच्या म्हाताऱ्यांना दोन-दोन. इचलकरंजीकरानं कंटाळून आंब्याच्या फोडीवर शेंगांची चटणी टाकून खाल्ली. सोलापूरची शेंगा चटणी कशावरही चांगली लागते हे खरं आहे, पण रत्नागिरीकर दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. "तेल्या परवडला," एवढंच तो भिंतीकडं बघून म्हणाला.

आता माळढोक. नागपूरकराची कहाणी आमच्यात सगळ्यात करुण, त्यामुळं आम्हाला तीच सर्वात मजेची वाटायची. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, 1979 सालचं. जाहीर झालं तेव्हा त्याचा पसारा साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होता. गावंच्या गावं त्यात आली, जमिनीचे व्यवहार अडायला लागले, आणि पुढं ते सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. पक्षी मात्र कमी-कमीच होत गेला. पंधरा किलोपर्यंत वजनाचा, मीटरभर उंच पक्षी, मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालणार, आणि तेही उघड्या माळावर. नागपूरकर पहाटे जायचा, गवतात बसायचा, परत येऊन वहीत लिहायचा, 'माळढोक: 0'. मी त्याला धीर द्यायचो की शून्याचा आलेख काढायला सोपा असतो. तो माझ्या उणे टक्केवारीकडं बोट दाखवायचा. निदान आपला पक्षी उणे नाही, यावर त्याचं समाधान व्हायचं.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणीगणना असते. स्वयंसेवक म्हणून नावं देऊन आम्हीही गेलो. मचाणावर मी, इचलकरंजीकर आणि एक वनरक्षक. शेजारच्या मचाणावर बाकीचे दोघं. सूचना एकच: आवाज नको. चांदणं टिपूर, माळावर गार वारा, समोर पाणवठा. पहिली काळविटं आली, नऊ-दहा असतील, पाणी पिऊन गेली. मग एक खोकड आलं, मांजराएवढं, चारही दिशांना बघत. आणि याच क्षणी इचलकरंजीकराला भूक लागली.

अक्कानं शिदोरी दिली होती, कडक भाकरी. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: ज्वारीची, कागदासारखी पातळ, पूर्ण वाळवलेली, आठवडेच्या आठवडे टिकणारी. ज्वारी बहुधा मालदांडी, जिचं 35-1 हे वाण याच जिल्ह्यातल्या मोहोळला निवड करून काढलं गेलं. म्हणजे सोलापूरचं सर्वात यशस्वी संशोधन आम्ही रोज चटणीबरोबर खात होतो. फक्त ते खाताना जो आवाज होतो त्यावर कोणी संशोधन केलेलं नाही. इचलकरंजीकरानं पहिला तुकडा मोडला. नीरव माळावर बंदुकीचा चाप ओढावा तसा कडाक आवाज झाला. खोकड गेलं. टिटव्या उठल्या. शेजारच्या मचाणावरून नागपूरकराचा, दातांतून आलेला, "का बे!" स्पष्ट ऐकू आला.

वनरक्षकानं शांतपणे तक्त्यात खोकडासमोर एक लिहिलं आणि म्हणाला, "पाण्यात बुडवून खावा. आम्ही तसंच खातो." उरलेली रात्र आम्ही भाकरी पाण्यात भिजवून, चिंतनमग्न योग्यांसारखी चघळत काढली. पहाटे तक्ता भरला. माळढोकासमोरचा रकाना तसाच. नागपूरकर बराच वेळ त्या रकान्याकडं बघत राहिला, मग म्हणाला, "कदाचित आला असेल. भाकरीच्या आवाजानं गेला असेल." त्या दिवसापासून इचलकरंजीकराची त्याच्या लेखी एका राष्ट्रीय नुकसानीबद्दल चौकशी चालू आहे.

संध्याकाळी पाचनंतर सोलापूर माणसात यायचं. मग आम्ही सिद्धेश्वर तलावाच्या काठी जाऊन बसायचो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी भक्तांना बरोबर घेऊन हा तलाव खोदून घेतला असं सांगतात. प्रकल्प वेळेत झाला, अजून पाणी धरतो, आणि अहवालाची एकही प्रत उपलब्ध नाही. तिथून पार्क चौपाटीवर डिस्को भजी. पैसे कोणी द्यायचे याचंही मतदान व्हायचं आणि तिथं मात्र तीन विरुद्ध एक असा निकाल लागायचा. तो एक दर वेळी वेगळा असेल याची काळजी घेतली जायची.

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी वळीव कोसळला. पत्र्यावर गारा, गल्लीत लोंढा, चौघंही गच्चीवर, आणि रत्नागिरीकर दोन्ही हात पसरून ओरडतोय, "ताण तुटला!" अक्का खालून ओरडत होती की नुसतं भिजू नका, पिंपं लावा. पिंपं लावली. त्या दिवशी मतदान झालं नाही. आंघोळही झाली, कूलरही भरला, आणि मग गारठ्यानं कूलर लावावाच लागला नाही म्हणून नागपूरकर रुसला.

मग अहवाल. चौघांचे विषय चार, पण ऋणनिर्देश एकच, कारण तो लिहायचा कंटाळा सगळ्यांना सारखा होता. नागपूरकरानं मजकूर केला, आम्ही आपापल्या अहवालात चिकटवला. माझ्या मार्गदर्शकांनी तो काळजीपूर्वक वाचला. आकडेवारीची पन्नास पानं त्यांनी भरभर उलटली होती, पण या पानावर ते थांबले.

"या अक्का कोणत्या विभागाच्या?"

"पाणीपुरवठा, सर."

सरांनी मान डोलावली आणि नावाआधी 'डॉ.' राहिलंय, ते घालून आणा म्हणाले.